रक्तात धातू निघाला, पेढे घ्या

गेल्या शिमग्यात मी एका लग्न झालेल्या मुलाचं लग्न पुन्हा जुळवायला घेतलं, तेही देवाच्या पालखीसमोर, सगळ्या वाडीच्या साक्षीने.

त्याचं असं झालं. रत्नागिरीजवळच्या पावसच्या अलीकडे आमचं गाव आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी तिथे घरोघर येते, आणि ज्या अंगणात पालखी टेकेल त्या घराचं मागणं देवापुढे मोठ्याने मांडायचं असतं. ह्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. एकाने मागणं म्हणायचं आणि जमलेल्यांनी एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. आमच्या वाडीत हा मान आमच्या घराकडे आहे. वडिलांच्या मागे तो खरं तर दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे जायचा. पण दादाला आंब्याच्या कलमांशी बोलता येतं, चार माणसांत नाही. म्हणून मी. मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. म्हणजे वर्षभर पोरांना ‘हळू बोला’ म्हणून दटावतो, आणि शिमग्याला गावी जाऊन देवापुढे ओरडतो.

तर पालखी शेजारच्या काकींच्या अंगणात टेकली. मी टोपी सारखी केली, खाकरलो आणि सुरुवात केली.

“बा देवा महाराजा, ह्या घरच्या लेकराचं लगीन ह्या साली जुळू दे. चांगल्या घरची सून ह्या उंबऱ्यातनं आत येऊ दे!”

“व्हय महाराजा!” सगळे ओरडले. सवयीने. गाऱ्हाण्यात काय चाललंय इकडे कोणाचं लक्ष असतं? मला उलट हुरूप आला.

“येणारी सून गुणाची असू दे, म्हातारीला सांभाळणारी असू दे!”

इथे अर्धे लोक ‘व्हय महा’ एवढ्यावरच थांबले म्हणे. मला ते थांबणं काही ऐकू आलं नाही. मी आपला पुढे चाललो होतो. शेवटी माझ्या बायकोने मागून सदरा ओढला, तेव्हा मी समोर पाहिलं. समोर ओवाळणीचं ताट घेऊन काकींची नातसून उभी होती. तिचं लग्न मागच्याच वैशाखात झालेलं. मी त्या लग्नाला होतो. नुसता होतो असं नाही, पंगतीत आग्रह करकरून जिलब्या वाढत होतो. मागच्या शिमग्याचं गाऱ्हाणं मी ह्या शिमग्याला शब्दन् शब्द पुन्हा घातलं होतं.

तिचा नवरा पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन उभा होता. तो तिथूनच म्हणाला, “काका, माझी ना नाय. पण हिला एकदा विचारा!”

काकी म्हणाल्या, “मेल्या, आणखी एक सून आणून ठेवू कुठं? माळ्यावर?”

हशा झाला, नातसूनही हसली, मी कसंबसं ‘आलेली सून सुखात राहू दे’ असं जोडून दिलं आणि त्याला सगळ्यांत मोठा ‘व्हय महाराजा’ मिळाला. वाडीला वर्षभर पुरेल एवढा विनोद झाला. माणसं जेवताना पुन्हा पुन्हा सांगून हसत होती. मीही सांगत होतो, थोडं तिखटमीठ लावून. फक्त माझी बायको हसत नव्हती. पानावर भात तसाच ठेवून ती माझ्याकडे बघत होती. तिच्या त्या बघण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही.

रत्नागिरीला परत आल्यावर तिने माझ्यावर पाळतच ठेवली. तशी माझी काही लक्षणं तिने आधीच टिपली होती. सोलकढीला काहीतरी पत्र्यासारखी चव येते अशी मी तक्रार केली होती आणि त्यावरून दोन दिवस अबोला झाला होता. टीव्हीचा आवाज मी इतका वाढवायचो की खालच्या मजल्यावरचे लोक म्हणे आपला टीव्ही बंद ठेवून आमच्याच बातम्या ऐकायचे. ग्रंथालयात एका प्राध्यापिकाबाईंना मी एक पुस्तक शोधून दिलं, त्या ते घेऊन गेल्या, आणि दुपारभर मी तेच पुस्तक हरवलं म्हणून कपाटं उपसत बसलो. हे मी घरी गंमत म्हणून सांगितलं. हिने त्यावरही तसंच बघितलं.

आणि एक दिवस तिने मला धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवून कानांत शिट्ट्या वाजवल्या, कागदावर काहीतरी उतरणीला लागलेली रेघ काढली आणि विचारलं, “कमी ऐकू यायला कधीपासून लागलं?”

मी म्हणालो, “वर्षभर झालं असेल.”

ही म्हणाली, “लग्नापासून.”

डॉक्टर हसले नाहीत. दोन्ही कान ह्या वयाच्या मानाने फारच उतरलेत, म्हणाले. मग कुठली औषधं घेता, कारखान्यात काम करता का, फटाके, बंदुका, असं विचारत विचारत ते शेवटी म्हणाले, “एखादं मोठं ऑपरेशन?”

“खुब्याचं झालंय,” ही म्हणाली. “डावा खुबा बदललाय.”

तो खुबा मी ऐन तारुण्याच्या उतरणीवर मोडून घेतला होता. दादाच्या बागेत एका जुन्या कलमावर चढून, जाळीच्या झेल्याची काठी पोचणार नाही असा एक आंबा हाताने काढायला गेलो. फांदी ओली होती आणि मी शहाणा होतो. आंबा हातात राहिला, मी खाली आलो. आधी स्क्रू घालून हाड जुळवलं, पण मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्तावाचून वाळत गेला, आणि शेवटी मुंबईला जाऊन अख्खा सांधाच बदलावा लागला. तेव्हाचे सर्जन म्हणाले होते, “तुम्ही वयाने लहान आहात, तुम्हाला मजबूत बसवू. गोळाही धातूचा, वाटीही धातूची. जन्मभर बघायला नको.” आणि खरंच मी बघितलं नाही. चालत होतो, जिने चढत होतो. अलीकडे जांघेत ठणकायचं, पण पन्नाशी उलटल्यावर काहीच ठणकत नसेल तर माणूस जिवंत नाही असं समजावं, असं मीच लोकांना सांगायचो.

कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कानासाठी हाडांकडे! मला वाटलं माझं ऐकण्यात पुन्हा काहीतरी चुकलं.

हाडांचे डॉक्टर वयाने मोठे, शांत बोलणारे. त्यांनी एक्स-रे काढला आणि उजेडावर धरला. मग त्यांनी आपली एक मूठ दुसऱ्या हाताच्या ओंजळीत फिरवून दाखवली. “हे असं चाललंय तुमचं. धातूवर धातू. प्रत्येक पावलाला जरासं घासतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक पूड निघते. आजूबाजूच्या मांसात बसते, विरघळते आणि रक्तात जाते. कोबाल्ट आणि क्रोमियम. सगळ्यांच्या बाबतीत त्रास होतो असं नाही. पण काहींच्या रक्तात ते फार वाढतं, आणि मग कान, डोळे, हृदय, थायरॉइड, कुठेही परिणाम होऊ शकतो.”

“आणि डोकं?” हिने विचारलं.

“होऊ शकतो. विसरायला होतं, गोंधळ उडतो. पण विसरण्याची कारणं इतरही पुष्कळ असतात. बी-ट्वेल्व्ह कमी असलं तरी विसरायला होतं.”

“मग बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या द्या ना,” मी म्हणालो. मला गोळ्या परवडतात, ऑपरेशनं नाही.

“देऊ, कमी असेल तर. गंमत म्हणजे त्या बी-ट्वेल्व्हच्या पोटातसुद्धा कोबाल्टच असतो.”

आता बघा, ह्या जागी मी जो गोंधळलो तो आजवर पुरता सावरलेलो नाही. कोबाल्ट कमी पडला तर माणूस विसरतो, आणि जास्त झाला तरी विसरतो? डॉक्टरांनी समजावलं की जीवनसत्त्वात बांधलेला कोबाल्ट वेगळा आणि खुब्यातून सुटलेला मोकाट कोबाल्ट वेगळा, एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. मी मान हलवली. बाहेर आल्यावर हिला म्हणालो, “म्हणजे आपल्या गोठ्यातला बैल आणि शेतात शिरलेला बैल, असं ना?” ती म्हणाली, “तुम्ही रिक्षा थांबवा.”

गावी दादाला कळवलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे विहिरीवरच्या पंपाचं झालं होतं तसं. आतलं बुश घासलं की तेल काळं पडतं. मग सोप्पं आहे. सर्व्हिसिंग करायचं. ग्रीस भरायला कुठं जागा ठेवलीय का बघ त्यांनी.”

“दादा, माझा खुबा आहे तो.”

“तेच म्हणतोय. बसवतानाच विचारून घ्यायला हवं होतं.”

पुण्याहून लेकीचे फोन सुरू झाले. ती इंटरनेटवर वाचून रोज नवीन काहीतरी सांगायची आणि शेवटी म्हणायची, “पण बाबा, तुम्ही वाचू नका.” इकडे हिने खबरदारी म्हणून लोखंडी तवा, बिडाची कढई, देवघरातलं तांब्याचं तपेलं, सगळं माळ्यावर टाकलं. “अगं, खुब्यात कोबाल्ट आहे, तव्यात लोखंड,” मी म्हणालो. “असू दे,” ती म्हणाली, “नातेवाईकच की ते.” आठवडाभर आमच्याकडे भाकरी मातीच्या तव्यावर होत होती आणि करपत होती.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मीही नेतच होतो. पण त्याखाली एक गोष्ट होती आणि ती आमच्या घरात कोणीच तोंडाने बोलत नव्हतं. माझे वडील.

शेवटची काही वर्षं वडील रत्नागिरीत आमच्याकडेच होते. त्यांना काही आठवत नव्हतं. सुरुवात अशीच झाली होती. एकच गोष्ट पुन्हा सांगायची, वस्तू हातात धरून शोधायची, आणि आम्ही हसायचो. मग एका संध्याकाळी मी ग्रंथालयातून घरी आलो, तर ते झोपाळ्यावरून उठले, मला नमस्कार केला, आणि आत वळून माझ्या बायकोला म्हणाले, “सूनबाई, पाहुणे आलेत. चहा टाक गो.” तेव्हापासून मी रोज संध्याकाळी माझ्याच घरी पाहुणा म्हणून यायचो. ते माझी विचारपूस करायचे, गाव विचारायचे, आणि माझा गाव ऐकून म्हणायचे, “अरे वा, आमचाही तोच.” हिने त्यांचं सगळं केलं. न्हाऊमाखू घालण्यापासून घास भरवण्यापर्यंत. मी पाहुणा होतो, मला चहा मिळायचा.

शिमग्यात पानावर भात तसाच ठेवून ती माझ्याकडे का बघत होती, हे मला हाडांच्या डॉक्टरांच्या दारातून बाहेर पडताना कळलं. आणि कळल्यावर मी कठडा धरून एकेक पायरी उतरलो. दोन्ही पाय जपत. उजव्यात तर धातूही नाही.

म्हणजे प्रश्न साधा होता. माझं डोकं धातूने बिघडलंय की वडिलांकडून आलंय? धातूने असेल तर गोळा काढून टाकता येतो. वडिलांकडून असेल तर काय काढणार?

रक्त द्यायला गेलो. साधं रक्त नव्हतं ते. त्याची नळी वेगळी, गडद निळ्या झाकणाची, ती मुंबईहून मागवली होती आणि भरून मुंबईलाच जायची होती. लॅबमधल्या मुलीने सुई टोचली, एक साधी नळी भरून घेतली आणि बाजूला टाकली. मग निळी नळी लावली.

“ती पहिली का टाकली?” हिने विचारलं.

“सुई स्टीलची असते ना काकू. पहिल्या रक्तात सुईचा अंश येऊ शकतो. उगीच आकडा वाढायचा.”

“बघा,” ही मला म्हणाली, “एवढं रक्त फुकट.” पण मी दुसऱ्याच विचारात होतो. त्या मुलीच्या तोंडचं ‘उगीच आकडा वाढायचा’ ऐकून माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? वाढला तर वाढू दे की! घ्या ती पहिलीच नळी! मी स्वतःशीच दचकलो. रक्तात विष निघावं म्हणून आशेने बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि आता त्याच्याच दंडाला रबरी पट्टी बांधलेली होती.

निकाल यायला वेळ होता. त्या दिवसांत एका रविवारी मी गावी गेलो. दादा बागेत होता, आंब्याच्या पेट्या भरायची घाई चालली होती, तरी मी त्याला म्हटलं, “चल, देवळात जाऊ. माझ्यासाठी गाऱ्हाणं घालायचंय.”

“तूच घालणार? स्वतःचं?”

“मग कोण? तू घालतोस?”

दादा चपला घालून निघाला.

देवळात दुपारचं कोणी नव्हतं. मी हात जोडले, दादा मागे उभा राहिला. “बा देवा महाराजा,” मी म्हणालो आणि थांबलो. काय मागू? ‘रक्तात दोष निघू नये’ असं मागावं तर मग विसरणं वडिलांचं ठरतं. ‘दोष निघू दे’ असं मागावं, तर हे कुठल्या तोंडाने मागायचं? आजवर दुसऱ्यांची लग्नं, नोकऱ्या, गायीगुरं, कोर्टातले निकाल असं भराभर मागत आलो. कधी अडलो नव्हतो. लग्न झालेल्याचं लग्नसुद्धा न अडता मागितलं. आणि स्वतःच्या वेळेला तोंडातून शब्द निघेना.

“पुढं बोल,” दादा मागून म्हणाला. “मी नुसता व्हय म्हणणार. काय मागतोस ते नीट माग.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. बाबांसारखं होण्याची भीती, निळी नळी, आकडा वाढावा असं वाटणं. दादा ऐकत होता. माणसांत न बोलणारा माणूस, तो खांबाला टेकून खाली बसला.

“तुझं बरं आहे,” तो म्हणाला.

“माझं बरं आहे?”

“तुझ्या खुब्यात गोळा आहे. विसरलास तरी त्याच्यावर ढकलता येतं. मी परवा वरच्या बागेत गेलो आणि कशाला आलो तेच आठवेना. तसाच बसून राहिलो. तुझ्या वहिनीला सांगितलं, पाय दुखले म्हणून. माझ्या अंगात कुठे धातू आहे? मी कोणावर ढकलू?”

मी माझ्याच डोक्याची मोजदाद करत बसलो होतो, आणि बाबा काय फक्त माझे होते?

“दादा, तुझीही तपासणी करून घेऊ,” मी म्हणालो.

“कसली? माझं सगळं मूळचंच आहे,” तो म्हणाला आणि उठला. “आंबे तसेच पडलेत. तू घाल आपलं गाऱ्हाणं.”

मी पुन्हा हात जोडले, आणि जे काही खरं असेल ते लवकर कळू दे, एवढंच मागितलं. हे मागणं गाऱ्हाण्यात बसत नाही. देवाकडे माहिती मागायची पद्धत नाही. दादाने तरी त्याला ‘व्हय महाराजा’ दिलं. एकट्याने, हळू आवाजात. मला ते ऐकू आलं, कारण मी वळून त्याच्या ओठांकडे बघत होतो.

निकाल फोनवर आला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, कोबाल्ट बराच वाढलाय, क्रोमियमही. खुब्याचं एमआरआय केलं होतं त्यात सांध्याभोवती पाणी साठलेलं दिसतंय, मांसही खराब होऊ लागलंय. बी-ट्वेल्व्ह मात्र व्यवस्थित आहे.

फोन स्पीकरवर होता. मी हिच्याकडे पाहिलं. तिने तोंडावर पदर घेतला, मला वाटलं रडतेय. पदर काढला तेव्हा ती हसत होती. मीही हसलो. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून, दहावीला पोरगं पास झाल्यासारखे हसत होतो. डॉक्टर पलीकडून “हॅलो, हॅलो, ऐकताय ना?” करत होते.

मी चप्पल घातली, नाक्यावर गेलो आणि पेढे आणले. जिन्यात समोरच्या बाई भेटल्या.

“कसले पेढे?”

“रक्तात धातू निघाला,” मी म्हणालो. “घ्या.”

त्यांनी पेढा घेतला. “अभिनंदन,” म्हणाल्या. आपल्याकडे पेढा हातात आला की अभिनंदन आपोआप तोंडात येतं. दार लावून घेतल्यावर त्यांनी काय विचार केला असेल तो असो.

पेढे जरा लवकर वाटले हे दुसऱ्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, “सांधा बदलावाच लागेल, त्यात शंका नाही. पण एक लक्षात घ्या. कान किती सुधारतील सांगता येत नाही, गेलेलं ऐकू येणं बहुधा पुरतं परत येत नाही. आणि विसरण्याचं म्हणाल, तर ते ह्यानेच होतंय असं मी लिहून देऊ शकत नाही. एवढा आकडा असूनही ज्यांना काही होत नाही असे लोक आहेत. धातू निघून गेल्यावर बघायचं. सुधारलं तर ह्याने होतं म्हणायचं.”

“आणि नाही सुधारलं तर?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “तर पुढची तपासणी.”

म्हणजे मी होतो तिथेच. वर एक ऑपरेशन.

आंब्याचा हंगाम आटपू दे, असं दादाचं म्हणणं पडलं, कारण मुंबईला बरोबर तो येणार होता. डॉक्टर म्हणाले, तेवढं थांबायला हरकत नाही. नवीन गोळा सिरॅमिकचा असणार आणि वाटी प्लॅस्टिकची असणार, हे ऐकल्यावर दादा अस्वस्थ झाला. “चिनी मातीचा? लोणच्याच्या बरणीसारखा? अरे, फुटेल की तो! पहिला लोखंडी होता तोच बरा होता.” मुंबईच्या सर्जनांनाही त्याने हे विचारलं. ते म्हणाले, बरणीपेक्षा पुष्कळ मजबूत असतो. दादाने मान हलवली, पण ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा काठी धरून उभा राहिलो तेव्हा तो दोन्ही हात पसरून माझ्याखाली वाकला होता. पडलंच काही तर झेलायला.

ऑपरेशनमध्ये जुना गोळा काढला तेव्हा आतलं पाणी गढूळ, करड्या रंगाचं निघालं, असं सर्जन म्हणाले. ते ऐकून दादाने माझ्याकडे विजयाने बघितलं. त्याचं पंपाचं तेल.

बरं व्हायला महिने लागले. आधी तोंडातली पत्र्याची चव गेली. एका दुपारी सोलकढी प्यायलो आणि ती सोलकढीच लागली. मी हे हिला सांगितलं, तर ती म्हणाली, “मी करतेय तशीच करतेय.” झाल्या अबोल्याचा तेवढाच न्याय तिला मिळाला. रक्तातला कोबाल्ट पहिल्या तपासणीतच पुष्कळ खाली आला. क्रोमियम सावकाश उतरतोय, त्याला घाई नाही. कान मात्र जिथे होते तिथेच राहिले. आता मी दोन्ही कानांत यंत्रं घालतो. त्यातून मिरकरवाड्याच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव असा ऐकू येतो, की जणू माझाच लिलाव चाललाय.

राहिलं डोकं. त्याचं काय झालं ते मला सांगता येत नाही, हीच तर गोची आहे. विसरतो का? विसरतो. पूर्वीइतकं? पूर्वी किती विसरायचो तेच नीट आठवत नाही. दिवसातून कितीदा तरी मी हिला विचारायचो, हे मी आधी सांगितलं का, हे मी आधी विचारलं का. एकदा ती वैतागून म्हणाली, “हे विचारलं का, हे मात्र रोज विचारता.”

परवा फेरतपासणीला गेलो. डॉक्टरांनी मला काही विचारलंच नाही, सरळ हिला विचारलं, “घरी कसं वाटतंय? विसरणं?”

“कमी आहे,” ती म्हणाली. “पुष्कळच कमी आहे. पाचसहा महिन्यांपूर्वी गोष्ट सांगताना हे मध्येच थांबायचे, आणि कुठे होतो ते सापडायचं नाही. आता थांबत नाहीत. नको इतके थांबत नाहीत.”

डॉक्टर मोकळेपणी हसले. म्हणाले, “मग आपण धातूच होता असं धरून चालू.”

‘धरून चालू’ हे शब्द मी घरी येईपर्यंत घोळवत होतो. दादाच्या बाबतीत काय धरून चालायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. त्याला मोठ्या मिनतवारीने पुढच्या आठवड्यात तपासायला यायला तयार केलंय. म्हणतो, वहिनीला सांगू नकोस, आंब्याच्या औषधासाठी जातोय म्हण.

दुपारी ही स्वयंपाकघरात खाली बसून कोळंबी सोलत होती. मला नव्या खुब्यामुळे खाली बसायची बंदी, म्हणून मी स्टुलावर. मनात कधीचं होतं ते विचारून टाकलं.

“खरं सांग. मला बाबांसारखंच होतंय असं तुला वाटलं होतं ना?”

ती सोलायची थांबली नाही. “वाटलं होतं.”

“मग कधी बोलली नाहीस ती?”

“बोलले होते की,” ती म्हणाली. “शिमग्याहून आलो त्या संध्याकाळी, इथंच, तुम्ही पाठमोरे चहा घेत होतात. मोठ्याने बोलले होते. ‘मला पुन्हा एकदा नाही हो जमायचं ते,’ म्हटलं. तुम्हाला ऐकू आलं नाही.” तिने हातातली कोळंबी भांड्यात टाकली. “बरं झालं नाही आलं. जमवलं असतं मी.”